कोपराखाली चार बोटं

पनवेलच्या या फ्लॅटमधला ओटा कुणाच्या मापाचा आहे, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या तर नाहीच. माझी उंची चार फूट नऊ इंच, आणि हा ओटा थेट माझ्या कोपराला येऊन भिडतो. सून माझ्याहून उंच आहे, तरी तीही पोळ्या लाटताना खांदे वर करूनच लाटते. एवढी मोठी इमारत, आणि तळापासून वरपर्यंत सगळ्यांचे ओटे एकाच मापाचे. दहा पोळ्या झाल्या की माझी मान धरते. मग मी खुर्चीत बसते, मानेला गरम पाण्याची पिशवी लावते आणि मला नारूमामा आठवतात. ते इथे असते तर बिल्डरला काय बोलले असते, याची कल्पना करण्यात माझी अर्धी दुपार जाते. एरवी तरी मला काय काम उरलंय!

नारूमामा म्हणजे नागावचे नारायण गवंडी. मी तिथल्या शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली पहिली आठ भाड्याच्या घरात काढल्यावर आम्ही एका वाडीत छोटंसं घर बांधलं आणि स्वयंपाकघराच्या कामाला मामा आले. हडकुळा माणूस, सिमेंटने बोटांच्या पेरांना पडलेल्या कायमच्या भेगा, आणि चष्म्याला एकच काडी. दुसऱ्या बाजूला काडीच्या जागी ओळंब्याचा दोरा कानामागे गुंडाळलेला. नवी काडी का बसवत नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "दोरा सरळ ऱ्हातो."

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "घरात भाकऱ्या कोण भाजतो?"

"मीच."

"नेहमी?"

"सणावारी सासूबाई येतात. तेव्हाही मीच."

"मग चपला काढा नि पीठ मळायला घ्या."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी विटांची चळत रचली, तिच्यावर फळी टाकली आणि मी खरोखरच परातीत पीठ घेऊन मळायला लागले. मामा बाजूला उकिडवे बसून माझ्या खांद्यांकडे बघत होते. मध्येच त्यांनी एक वीट काढली, मध्येच फळीखाली कौलाचा तुकडा सारला. आमचे हे बँकेत जायच्या घाईत होते. दारातूनच म्हणाले, "मामा, सगळीकडे करतात तेवढा करून टाका की."

मामांनी मानही वळवली नाही. "साहेब, तुमची बँकेतली खुर्ची बाईंच्या मापाची केली तर चालंल तुमाला?"

हे बँकेत निघून गेले. नंतर मामांनी माझ्या कोपराखाली स्वतःची चार बोटं आडवी धरली आणि तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. "कोपराखाली चार बोटं. कोपर तुमचं, बोटं माझी. ज्याला उभं ऱ्हायचंय त्याचं माप." त्या ओट्यावर मी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. शाळेतून आल्यावर पाय दुखायचे, डोकं दुखायचं, पण मान कधी दुखली नाही.

मी मराठी शिकवते म्हटल्यावर मामांनी दुसऱ्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत विषय काढला. "बाई, ओटा हा शब्द आला कुठनं?"

मी बारावीच्या वर्गात उभी असल्यासारखी म्हणाले, "बघून सांगते." खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं, आणि इतकी वर्षं ते ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

मामांना मात्र नाद होता. आयुष्यभर ओटेच बांधलेले. घरापुढचा बसायचा ओटा, तुळशीचा, विहिरीजवळचा धुण्याचा, मासळी बाजारातला, आगरदांड्याला बोटीची वाट बघत माणसं टेकतात तसला, आणि मसणातला. "सगळ्यांची उंची येगळी, काम येगळं, नाव एकच. आसं कसं?" ते आठ वर्षं मस्कतला होते. तिथे घराबाहेर म्हातारे बसतात त्या चौथऱ्याला दक्का म्हणतात, हे त्यांनी तिथून आणलेलं. बरोबरचा केरळचा गवंडी तिण्णा म्हणायचा. पुढे भिवंडीला एका गुजराती शेठकडे काम केलं, तो ओटलो म्हणायचा. बाकीचे लोक मस्कतहून टेपरेकॉर्डर आणि घड्याळं घेऊन आले. मामांनीही एक घड्याळ आणलं होतं म्हणे, पण ते बंद पडलं आणि शब्द राहिले.

"आणि आपली ओटी?" मी भर घातली. "घराची ओटी, बाईची ओटी, ओटीपोट."

"ती बसायची," मामा म्हणाले. मग डब्याचं झाकण लावत, "बाई, आदी ओटा पन बसायचाच होता. आमच्या आयशीनं चुलीपुढं बसून रांधलंन. घरात उभा ओटा कुठं होता? ग्यास आला तवा ओटा घरात घुसला, नि बाया उब्या ऱ्हायल्या."

मी एम. ए. केलं होतं मराठीत, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाहेरचा, गप्पा मारत बसायचा ओटा आत आला आणि आत आल्यावर तो बसायचा राहिलाच नाही. त्या दिवसापासून मी मामांना मनातल्या मनात सहकारी मानायला लागले.

तालुक्याच्या वाचनालयात जाऊन मी दोन जाडे कोश उपसले. अर्थ भरपूर सापडले: बांध, कठडा, चौथरा, बैठक. मूळ शब्द कुठला, याबद्दल ठाम काही मिळालं नाही. एका रविवारी हे सांगायला मी मामांच्या घरी गेले. ते ओटीवर बसून थापी घासत होते. माझं ऐकून त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "ज्यानं पयला ओटा बांधला तो लिवनारा नसंल. बसा. अगं, बाईंना च्या टाक."

चहाला हातभार लावावा म्हणून मी आत गेले आणि तिथेच थबकले. मामी, म्हणजे त्यांची बायको सुगंधा, विटांवर उभ्या होत्या. जमिनीवर एक वीट, तिच्यावर दुसरी, अशा दोन जोड्या शेजारी शेजारी, वर गोणपाट. समोर काळ्या कडाप्प्याचा ओटा, चांगला सव्वातीन फूट उंच. मामी माझ्याएवढ्याच, नखभर कमीच. विटांवर उभ्या राहूनही चहाचं आधण बघायला त्यांना टाचा उचलाव्या लागत होत्या.

"मामी, हा ओटा कुणी बांधला?"

"कोन बांधनार? तुमच्या मामांनी," त्या हसून म्हणाल्या. "सासूबायच्या मापानं. सासूबाय ही एवडी उंच. वाडीतला पयला उभा ओटा हा. बाया बघायला आल्यावत्या. दोन वर्सांनी सासूबाय गेल्या. ओटा ऱ्हायला."

"आणि तुमचं माप?"

"घेनार हायत. पावसाळ्याआदी." बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कुठल्या पावसाळ्याआदी वं?"

बाहेर थापी घासायचा आवाज बंद झाला होता. मी चहा घेऊन आले तेव्हा मामा वर बघायला तयार नव्हते. "लोकांची कामं उरकत न्हाईत बाई," एवढंच म्हणाले. पण मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. गावभरच्या बायकांच्या कोपरांना बोटं लावणारा माणूस, आणि याची स्वतःची बायको तेवीस वर्षं विटांवर!

तेव्हापासून मामींचा ओटा हा माझा आणि मामांचा एक अवघड विषय होऊन बसला. मी दर भेटीला विचारायची, ते दर भेटीला सांगायचे. पावसाळ्याआधी. गणपती झाले की. भात झोडून झालं की. लबाडी नव्हती त्यात. सकाळी सातला हे थापी घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी आल्यावर स्वतःच्या घरातली वीट हलवायचं त्यांच्या अंगात उरायचं नाही. शाळेत दिवसभर निबंध तपासल्यावर माझ्या मुलाचा निबंध मीही कधी धड वाचला नाही. त्यामुळे मी रागावले तरी फार उंचावरून रागवू शकत नव्हते.

बाहेर मात्र त्यांचा नियम कधी मोडला नाही. किनाऱ्याकडे होमस्टे निघायला लागले तेव्हाची गोष्ट. मुंबईचे एक गृहस्थ, सहा फुटी, बंगल्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "छत्तीस इंच. आमच्याकडे तसाच आहे."

मामांनी विचारलं, "सायेब, जेवन तुमी करनार?"

"छे, छे. पाहुण्यांसाठी बाई ठेवलीय."

"मग बाईला बोलवा."

बाई म्हणजे शेजारच्या वाडीतली वनिता. ती लाजत आली. मामांनी तिला पीठ मळायला लावलं, रेघ मारली आणि मालक मुंबईला गेल्यावर तिच्या मापाने ओटा बांधून टाकला. मालक परत आले, ओट्याशी उभे राहिले आणि भडकले. फोडा म्हणाले. मामा म्हणाले, "फोडतो. पन मंग भाकऱ्या तुमी भाजा." प्रकरण हातघाईवर येणार तेवढ्यात वनिताने आतून गरम भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून ठेवली. ओटा वाचला. अजूनही ती तिथेच आहे.

ही गोष्ट मामा मला रंगवून सांगत होते आणि मामी विटांवर उभ्या राहून ऐकत होत्या. "वनिताचं माप घेतलंन," त्या म्हणाल्या. "वनिता नशिबाची." त्यात कडवटपणाही नव्हता. नुसता थकलेला आवाज होता, आणि तोच मला जास्त लागला.

मासळी बाजाराचं काम मामांनी नकाशा हातात आला त्याच दिवशी सोडून दिलं. एका गावी जुना बाजार पाडून नवा बांधायचा होता. नकाशात ओटे कमरेएवढे, मागे कोळणींना उभं राहायला जागा. मामा इंजिनीअरला म्हणाले, "साहेब, मासळी कापनारी बाई ओट्यावर बसते. पायाखाली मोरळी, म्हंजे इळी, दाबून. ती उभी ऱ्हाऊन काय करनार?" नकाशा मंजूर झाला होता. दुसऱ्या गवंड्याने बांधला. उद्घाटनाला फीत कापली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कोळणी नव्याकोऱ्या ओट्यांच्या पुढे, खाली जमिनीवर पाट टाकून बसल्या. ओट्यांवर त्यांनी पिशव्या, डबे आणि छत्र्या ठेवल्या. मामा मला मुद्दाम तिकडे घेऊन गेले. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. "एवडं सिमेंट," म्हणाले, आणि बोंबील घेऊन परत फिरले.

आमचे हे गेले तेव्हा मामा आमच्याबरोबर चालत होते. गावाबाहेर वाटेत विसाव्याची जागा आहे, तिथे तिरडी घटकाभर खाली ठेवतात. पूर्वी दगडावर, वाकून, जमिनीलगत ठेवायची. तिथला कमरेएवढा ओटा मामांचा. तो त्यांनी कुणी न सांगता बांधला होता. बायकांनी तिथवर जायची आमच्याकडे पद्धत नाही, पण मी गेले होते. माझ्या मुलाच्या आणि तीन भाच्यांच्या खांद्यांवरून तिरडी न वाकता अलगद त्या ओट्यावर आली. परतताना मामा माझ्या मुलाशी बोलत होते ते मी ऐकलं. "इथं माप मेलेल्या मान्साचं न्हाय घेतलं रं. खांदेकऱ्यांचं घेतलं. ते दमलेले आसतात." त्या दिवशी मला रडू आलं ते या वाक्याला. त्याआधी सकाळपासून आलं नव्हतं.

आणि मग मामी पडल्या.

श्रावणातला दिवस होता, हवा ओली, गोणपाट ओलं. कुकर उतरवताना वरची वीट सरकली. खुबा मोडला. अलिबागला, मग मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, पण म्हणावं तसं जुळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की आधाराने बसतील, उभं राहणं कठीण. मी भेटायला गेले तेव्हा मामी खाटेवर होत्या आणि मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात ती वीट. मला ती दाखवून म्हणाले, "बाई, ही म्याच आनलेली. मस्कतवरनं आलो तवा. म्हनलं, तवर हिच्यावर उबी ऱ्हा."

तुमची चूक नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चूक त्यांचीच होती. आणि इतकी वर्षं नुसतं विचारत राहून चहा पिऊन परतणाऱ्या माझीही थोडी होतीच.

दिवाळीनंतर मामांनी तो ओटा फोडला. तोवर त्यांनी बाहेरची कामं बंद केली होती. हात कापायला लागले होते, थापीवरचा माल वाटेतच पडायचा. मुलगी पनवेलहून येऊन म्हणाली, माणूस लावू. मामांनी ऐकलं नाही. ज्या कामाला त्यांना पूर्वी दीड दिवस लागायचा त्याला अकरा दिवस लागले. मुलीने आणखी एक सांगितलं होतं: आता आई बसूनच काही करील तर करील, तेव्हा ओटा बसायच्या उंचीचा करा. ते मला पटलं होतं. अगदी मामांच्याच हिशेबाने पटण्यासारखं होतं.

मामांनी माप घेतलं तेव्हा मी तिथे होते. मामी खाटेवर उताण्या. मामांनी चष्म्याचा दोरा सोडला. चष्मा नाकावर धरायला माझ्याकडे दिला, आणि मी तो खरोखरच त्यांच्या नाकावर धरून उभी राहिले. दोऱ्याचं एक टोक त्यांनी मामींच्या टाचेला लावलं, पाय सरळ केला, दुखलं तेव्हा थांबले, पुन्हा केला. मग दोरा हळूहळू वर नेत कोपरापर्यंत आणला.

"काय चाललंय वं?" मामी म्हणाल्या.

"उगी ऱ्हा. माप घेतोय."

"आता?"

मामांनी कोपरापाशी दोरा चिमटीत धरला, आणि तिथून खाली चार बोटं आडवी ठेवली. ती तीनदा ठेवावी लागली. मामी छताकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं आणि ते पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी हात टेकले आणि मुलाने मला पनवेलला आणायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. मामा नव्या ओट्याशी भाकऱ्या थापत होते. ओटा बत्तीस इंच, मामींच्या कोपराखाली बरोबर चार बोटं. मामांना तो मांडीच्या जरा वर येत होता. कमरेतून पार वाकलेले, एक हात परातीत, दुसरा मधूनमधून पाठीवर. खाटेवरून मामींच्या सूचना चालू होत्या. पाणी जास्त झालं. कड जाड ऱ्हायली. तव्यावर लक्ष हाय का?

मला राहवलं नाही. "मामा, अहो, आता भाकऱ्या तुम्ही भाजता. ज्याला उभं राहायचंय त्याचं माप, हा तुमचाच नियम. पाठ जाईल तुमची."

"व्हय," मामा म्हणाले. पिठाचा हात त्यांनी धोतराला पुसला. "नियम तोच हाय. ओटा तिचा. मी हितं बदली कामाला हाय."

मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि खाटेकडे गेले. मामींच्या बगलेत हात घालून त्यांना उठवलं, जवळजवळ उचलूनच ओट्यापाशी आणलं. मामींनी दोन्ही हात कडाप्प्यावर ठेवले. पाय जमिनीवर, अनवाणी, खाली वीट नाही. खांदे सैल, खाली. इतक्या वर्षांत त्यांना मी कधी तशा खांद्यांनी उभं पाहिलं नव्हतं. मामा मागून कंबर धरून होते.

"किती वेळ उभ्या राहतात?" मी विचारलं.

"च्याला उकळी येस्तवर," मामा म्हणाले. "रोज. सकाळी येकदा, दुपारी येकदा."

मामी आधणाकडे बघत होत्या. त्यांनी टाचा उचलल्या नाहीत. उचलायची गरजच नव्हती. आधण सळसळायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अवं, ग्यास बारीक करा जरा."

मामांनी हात लांब करून गॅस बारीक केला.